‘असे’ म्हणजे आहे की होते?
मराठीतल्या सहायक क्रियापदांची हकीगत



नसरापूरहून वेल्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर विंझर नावाचे गाव आहे. राजगड-तोरण्याचा हा मुलूख. आषाढात तिकडे पाऊस एकदा धरला म्हणजे उघडायचे नाव घेत नाही. अशाच एका पावसात मी तिथे एका ओळखीच्या घरी अडकून पडलो होतो. घरातल्या आबांनी वेळ जावा म्हणून ट्रंकेतला एक कागद काढला. मूळ कागद पेशवाईतला, मोडी लिपीतला. त्याची बाळबोधीत करून आणलेली नक्कल त्याला टाचलेली. नातू कॉलेजात शिकणारा. तो नक्कल मोठ्याने वाचू लागला आणि एका ओळीवर थांबला. एक शेत घराण्याच्या ‘वहिवाटीस असे’, अशी ती ओळ होती.

नातू म्हणाला, “आबा, म्हणजे कागद लिहिला तेव्हाच शेत आपल्याकडून गेलं होतं. वहिवाटीस असे, म्हणजे पूर्वी असायचं. रीती भूतकाळ.”

आबा उसळून म्हणाले, “आरं, असे म्हंजे हाय! खरेदीखताच्या शेवटी काय लिवत्यात? लिहून दिले असे. म्हंजे दिलंय, का पूर्वी देत व्हता?”

नातवाने माझ्याकडे पाहिले. मला हसू आले, कारण दोघांचेही बरोबर होते. नातवाचे आजच्या मराठीप्रमाणे बरोबर, आणि आबांचे कागदाच्या मराठीप्रमाणे. पण शेत कोणाच्या ताब्यात होते हा प्रश्न कागदाच्या मराठीचा होता, तेव्हा त्या दिवशी आबा जिंकले. ‘असे’ हे दोन अक्षरांचे क्रियापद. त्याचा काळ चुकला तर कागदावरचे शेत वाचता वाचता हातातून निसटते. आज आपण बोलायचे ते याच लहान क्रियापदांविषयी, ज्यांना व्याकरणात सहायक क्रियापदे म्हणतात.

आधी ‘असे’चाच निकाल लावू. सातशे वर्षांपूर्वीच्या मराठीत ‘तो करी’ याचा अर्थ ‘तो करतो’ असा होता, आणि ‘तो असे’ याचा अर्थ ‘तो आहे’. ज्ञानेश्वरीची भाषा वाचताना हे ध्यानात ठेवावेच लागते. ‘करीत असे’ म्हणजे ‘करीत आहे’. पुढे ‘करीत’ या धातुसाधिताला पुरुषाच्या खुणा चिकटून ‘करितो’, ‘करितोस’ अशी नवी रूपे तयार झाली आणि ती बोलण्यात पसरली. चालू काळाची जागा नव्याने घेतली, तेव्हा जुने ‘करी’ बेकार झाले. पण भाषेच्या घरात जुने भांडे सहसा फेकून देत नाहीत. ‘करी’ला आणि त्याच्याबरोबर ‘असे’ला मागच्या काळातल्या सवयीचे काम मिळाले. ‘आजोबा रोज पहाटे उठत, नदीवर जात’, ‘ती दळण दळी आणि ओव्या गाई’. वर्तमानकाळाची रूपे अशी सरकत सरकत भूतकाळात गेली.

सगळीच गेली नाहीत. म्हणींत ती जुन्या जागीच बसून आहेत. ‘बळी तो कान पिळी’ या म्हणीतला बळी पूर्वी कान पिळायचा आणि आता सोडून दिले, असे कोणी समजत नाही. ‘दाम करी काम’, ‘देव तारी त्याला कोण मारी’ यांतली करी, तारी, मारी ही रूपे वर्तमानकाळाचीच. वर्गात रीती भूतकाळ शिकवताना या म्हणी फळ्यावर लिहून पाहाव्यात. मुलांना वेगळे काही समजावून सांगावे लागत नाही. दस्तऐवजांतही जुना अर्थ टिकला, कारण दस्त लिहिणारा आपल्या आधीच्या दस्तावरूनच नवा दस्त लिहितो. म्हणूनच आबांना जे ठाऊक होते ते नातवाला नव्हते. आबांनी व्याकरण वाचले नव्हते, खरेदीखते वाचली होती.

आता सहायक म्हणजे काय ते पाहू. क्रियापदांत काही स्वतःच्या पायावर उभी असतात: पेरणे, कापणे, चालणे, रडणे. त्यांतलीच काही कधीकधी आपला मूळ अर्थ बाजूला ठेवून दुसऱ्या क्रियापदाच्या मदतीला उभी राहतात. ‘पाहुणा निरोप देऊन गेला’ आणि ‘पाहुणा दमून गेला’ ही दोन वाक्ये शेजारी ठेवा. पहिल्या पाहुण्याने निरोप दिला आणि तो खरेच निघून गेला, क्रिया दोन. दुसरा पाहुणा कुठेच गेला नाही, तो ओसरीवर टेकून बसला आहे. तिथे ‘गेला’ या शब्दात जाणे उरलेलेच नाही. दमणे पुरते झाले एवढेच तो सांगतो. शाळेच्या पुस्तकात संयुक्त क्रियापद ओळखण्याची जी कसोटी दिलेली असते ती हीच: धातुसाधित आणि सहायक मिळून क्रिया एकच हवी.

या सहायकांची खरी श्रीमंती पाहायची तर भातलावणीच्या दिवसांत मावळात जावे. काम एकच, पण शेपटाला कोणते क्रियापद लागते यावर सारी हकीगत बदलते. ‘लावणी करून टाकली’ म्हणजे डोक्यावरचे ओझे उतरवले, मग ती कशी का होईना. ‘करून घेतली’ म्हणजे पावसाची उघडीप साधून, माणसे गोळा करून, आपल्या हिताचे पदरात पाडले. ‘करून दिली’ म्हणजे दुसऱ्यासाठी केली. इर्जिकीला गेलेला माणूस असेच म्हणणार. ‘करून ठेवली’ यात पुढची तजवीज आहे. ‘करून पाहिली’ यात शंका आहे, नवे बियाणे असेल. ‘करत आणली’ म्हणजे एखादे खाचर उरले. ‘करून झाली’ म्हणजे आता आंघोळ करून जेवायला बसायला हरकत नाही. आणि ‘करून बसला’ म्हटले की समजावे, घाई झाली. रोप कोवळे होते किंवा पाणी आटले, आणि आता पस्तावतो आहे. ऐकणाऱ्याला लावणी कशी झाली हे कोणी वेगळे सांगत नाही. ते टाकणे, घेणे, देणे, बसणे सांगून जातात. (पाहा, हे वाक्यही ‘जातात’वर संपले, आणि गेले कोणीच नाही.)

‘लागणे’ या क्रियापदाची तर गोष्टच निराळी. मूळ अर्थ चिकटणे, स्पर्श होणे. भूक लागते, आग लागते, ठेच लागते. सहायक झाल्यावर त्याची तीन रूपे दिसतात. ‘पाऊस पडू लागला’ यात आरंभ आहे. ‘पावसात जावे लागले’ यात सक्ती आहे. आणि ‘पोर आईला दळू लागली’ यात मदत आहे. ‘जरा भारा उचलू लाग’ असे आपण म्हणतो ते या तिसऱ्या अर्थाने. मदत करणे असाच ज्याचा अर्थ झाला आहे असे हे सहायक क्रियापद! सक्तीचा अर्थ कसा आला असेल हे समजायला ‘मी त्याचे शंभर रुपये देणे लागतो’ हे वाक्य उपयोगी पडते. देणे अंगाला चिकटलेले आहे, ते फेडल्याशिवाय सुटत नाही. इंग्रजांच्या भाषेतही असेच घडले. त्यांचे भविष्यकाळाचे ‘शॅल’ हे सहायक मूळचे ‘देणे लागणे’ या अर्थाचे, आणि ‘विल’ मूळचे ‘इच्छिणे’ या अर्थाचे. देणे आणि इच्छा दोन्ही झिजून नुसता पुढचा काळ उरला. तेव्हा अर्थ झिजून सहायक होणे हे काही आपल्याच भाषेचे लक्षण नव्हे.

आता पुन्हा राजगडाकडे वळू. शिवाजी महाराजांच्या राज्याचा कारभार सुमारे पाव शतक या गडावरून चालला. राजधानी रायगडावर गेली ती त्यानंतर, आणि 1674 सालचा राज्याभिषेक तिथे झाला. त्या काळच्या आज्ञापत्रांच्या शेवटी एक शब्द पुन्हा पुन्हा येतो: ‘जाणिजे’. त्याचा अर्थ ‘हे जाणले जावे’. यातला ‘इजे’ हा तुकडा महत्त्वाचा. प्राकृतातून आलेली ही कर्मणी प्रयोगाची खूण. जुन्या मराठीत ती सर्रास होती. ‘कीजे’ म्हणजे केले जाते, ‘बोलिजे’ म्हणजे बोलले जाते. पुढे असा अर्थ सांगायला आपण ‘केले जाते’ असे ‘जाणे’ या सहायकाच्या मदतीने म्हणू लागलो आणि ‘इजे’ची सद्दी संपली.

संपली खरी, पण त्या घराण्यातली तीन भावंडे मागे राहिली. एक हे ‘जाणिजे’. ते पत्रांतून राहिले आणि पत्रांची ती रीत गेली तेव्हा गेले. दुसरे ‘म्हणिजे’, म्हणजे म्हटले जाते. ते झिजून ‘म्हणजे’ झाले. आता ते क्रियापद आहे असे सांगितले तरी कोणाला खरे वाटत नाही. ते अव्यय होऊन गेले. दिवसातून शंभर वेळा आपण ते उच्चारतो आणि बोलायला शब्द सुचेना म्हणजे पुन्हा तेच उच्चारतो. तिसरे भावंड ‘पाहिजे’.

‘पाहिजे’ म्हणजे पाहिले जाते. ‘मला पाणी पाहिजे’ यात पाहण्याचा काय संबंध, असे वाटेल. पण पाहणे म्हणजे नुसते डोळ्यांनी बघणे नव्हे. मुलीला स्थळ पाहतात, मुलगा नोकरी पाहतो, आपण वाट पाहतो. पाहणे म्हणजे शोधणे. जे शोधले जाते ते हवे असते. जे हवे असते ते गरजेचे असते. आणि जे गरजेचे ते करणे भाग असते. या पायऱ्यांनी ‘पाहिजे’ चढत गेले आणि ‘जायला पाहिजे’, ‘केले पाहिजे’ अशा वाक्यांत कर्तव्याचे सहायक होऊन बसले. आता त्याला ‘पाहिजेत’ असे अनेकवचनही आहे, ‘पाहिजे होते’ असा भूतकाळही आहे. इतिहास सांगताना आपण तलवारी, तोफा, पागोटी दाखवतो. गडावरच्या पत्रातल्या ‘जाणिजे’चा सख्खा भाऊ त्याच गडाखालच्या गावात दुकानाच्या फळीशी उभा राहून “अर्धा किलो गूळ पायजे” म्हणतो आहे, हे मात्र सहसा कोणी दाखवत नाही.

‘नये’ची कुळकथा लहान आहे, तीही सांगून टाकतो. ‘खोटे बोलू नये’ यातला ‘नये’ म्हणजे न अधिक ये. येणे या क्रियापदाचा नकार. खोटे बोलणे ‘येत नाही’, म्हणजे जमत नाही, शोभत नाही. आजही आपण ‘मला पोहता येते’ म्हणतो तेव्हा हेच येणे सहायक असते. इथे एक बारकावा आहे. ‘मला ट्रॅक्टर चालवता येतो, पण आज चालवू शकत नाही, हात सुजलाय’ या वाक्यात शिकून आलेले कसब ‘येतो’ने सांगितले आणि अंगातली ताकद ‘शकत’ने. मराठीने दोन निराळी सहायके ठेवली आहेत. हल्ली शहरात ‘तो पोहू शकतो’ असे सरसकट ऐकू येते. मला ते खटकते. एका घरात दोन विळे असताना एकच वापरून दुसरा गंजू देण्यासारखे ते आहे.

नकाराची तऱ्हाही पाहण्याजोगी आहे. ‘मी करतो, तू करतोस, ते करतात’ यात मुख्य क्रियापद बदलते. नकार आला की ते गप्प उभे राहते आणि सगळी धावपळ ‘नाही’ करते: मी करत नाही, तू करत नाहीस, ते करत नाहीत. न आणि आहे मिळून हा ‘नाही’ झाला, त्यामुळे आहेचे सारे कष्ट त्याच्या वाट्याला आले. ‘मी करीन’ याचा नकार मात्र ‘करीन’ला कसलीही जोड देऊन होत नाही, ‘करणार नाही’ असेच म्हणावे लागते. ‘करणार’ म्हणजे करणारा माणूस. भविष्याचे वचन देताना क्रियापद, आणि मोडताना माणूस!

या सगळ्याची नोंद व्याकरणकारांनी केव्हा केली? सेरामपूरला विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण 1805 साली इंग्रजीत छापले गेले. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे मराठीतले व्याकरण 1836 साली निघाले. तेव्हा त्यांचे वय अवघे 22 वर्षांचे होते. वि. का. राजवाडे यांनी गावोगाव फिरून जुने कागद गोळा केले, हे पुष्कळांना ठाऊक असते. पण ज्ञानेश्वरीच्या भाषेचे व्याकरणही त्यांनी लिहिले, 1909 साली. कागद वाचायचा तर आधी त्याच्या क्रियापदांचा काळ समजला पाहिजे, हे त्यांच्याइतके कोणाला पटले असणार? आणि 1911 साली मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ आले. शाळेतली आजची बरीचशी पुस्तके या ना त्या वाटेने त्याच ग्रंथावर पोसलेली आहेत. दादोबांच्या पुढे इंग्रजी व्याकरणाचा साचा होता, त्यामुळे मराठीचे काही काळ त्या साच्यात जरा कोंबून बसवावे लागले. त्यावर पंडितांचे वाद पुष्कळ झाले आहेत. ते आपल्याला नकोत.

शिक्षकांशी मात्र एक गोष्ट बोलायची आहे. विंझरच्या त्याच घरी, कागदाचा वाद मिटल्यावर, धाकटी नात तिची निबंधाची वही घेऊन आली. ‘पाऊस’ हा विषय. तिने लिहिले होते: ‘पाऊस आलाया. बाबा शेतात चिखल करतुया. आई घरी न्हाय.’ तिन्ही वाक्यांखाली तांबड्या रेघा होत्या आणि समासात एकच शब्द, ‘अशुद्ध’. ‘बाबा’बरोबर आदराचे ‘करतायत’ हवे होते हे मी समजू शकतो. पण बाकीचे काय?

‘आला आहे’ याचे पुण्यातला सुशिक्षित माणूस बोलताना ‘आलाय’ करतो. ‘करतो आहे’चे ‘करतोय’ करतो. म्हणजे ‘आहे’ या अख्ख्या सहायकाचा चोळामोळा होऊन एक ‘य’ उरतो आणि तो मागच्या शब्दाला चिकटतो. हे कथा-कादंबऱ्यांत छापले जाते, त्याला कोणी नाव ठेवत नाही. मुलीच्या ‘आलाया’त, ‘करतुया’त नेमके हेच झाले आहे. तोच आहे, तसाच झिजलेला, त्याच जागी चिकटलेला. ‘य’ऐवजी ‘या’ उरला, इतकाच फरक. वऱ्हाडात ‘तो काम करून राहिला’ म्हणतात, तिथे आहेच्या जागी ‘राहणे’ हे सहायक उभे राहते. मुंबईच्या माणसाला ऐकताना वाटते, काम करून कुठे राहिला? पण नागपूरचे मूल त्या वाक्यात एकदाही चुकत नाही. ज्याच्यात कोणी चुकत नाही त्याला नियम म्हणायचे नाही, तर कशाला म्हणायचे?

परीक्षेत ‘आला आहे’ लिहावे लागते, आणि ते मुलीला शिकवलेच पाहिजे. मी त्याच्या आड येत नाही. दरखास्त, अर्ज, खरेदीखत, नोकरीचे पत्र यांची भाषा एक असली तरच ती नंदुरबारपासून सावंतवाडीपर्यंत कळेल. पण ‘अशुद्ध’ हा शब्द लिहिण्यापूर्वी समासात दुसरे काही लिहिता येईल. ‘आलाया = आला + आहे’ एवढे लिहिले तर मुलीला दोन गोष्टी एकदम कळतात: लिहायचे कसे ते, आणि आपल्या आईच्या तोंडचा शब्द कुठून आला ते. रेघ मारायला जितका वेळ लागतो त्याहून थोडाच अधिक वेळ याला लागेल.

मी तिच्या वहीत पेन्सिलीने तसे लिहिले. ती म्हणाली, “मग न्हाय?” मी लिहिले, ‘न + आहे’. तिने जरा वेळ पाहिले आणि विचारले, “आन् पायजेल?”

हा ‘पायजेल’ सगळीकडे ऐकू येतो, शहरातसुद्धा. ‘करेल, येईल’ यांचा शेवटचा ल लोकांनी ‘पाहिजे’ला लावला. पाहिजे हे मुळातले कर्मणी रूप आहे हे विसरले गेले, म्हणूनच त्याला नवे शेपूट लावणे जमले. दस्तात अजून त्याला जागा नाही. पुढे मिळेल की नाही, मला सांगता यायचे नाही. मी तिला एवढेच सांगितले की परीक्षेत ‘पाहिजे’ लिही, आणि आबांना विचार, त्यांच्या लहानपणी ‘पायजेल’ म्हणत होते का. आबा कागद घडी करून ट्रंकेत ठेवत होते. तिथूनच ते म्हणाले, “म्हनत व्हतो की.”